काटा सत्तरवर

३ जानेवारी

दादा,

वहिनीने आप्पांना पाठवलेल्या कार्डावर तुमचा पत्ता होता. आप्पांनी कार्ड दोनदा वाचलं आणि ग्राइंडरच्या चकत्या ठेवतात त्या डब्यात टाकलं. फाडलं नाही. पत्ता मी तिथून उतरवून घेतला. तीन वर्षांनी लिहिते आहे, तेव्हा कसा आहेस वगैरे विचारत नाही. त्या प्रश्नाची मुदत संपली असावी.

निमित्त असं की मी मोटरसायकल घेतली. डांबरी रस्त्यावर चालते आणि रस्ता संपला तरी चालते, त्या जातीची. उंच, अरुंद, लांब शॉकअपची. नोकरीसाठी हवी होती. आम्ही तेलाच्या टाक्या आणि पाइपलाइनींचे सांधे तपासतो, आणि टाक्या माणसांपासून जितक्या लांब ठेवता येतील तितक्या लांब ठेवलेल्या असतात. शेवटचे पंधरा-वीस किलोमीटर खडी, नाहीतर चिखल. कार्डात वहिनीने लिहिलंय की नदीच्या पाणीपातळीची मापकं वाचायला खात्याने तुलाही हेच मॉडेल दिलंय. म्हणजे मी काय लिहिते ते तुला कळेल. इथे कळणारं दुसरं कोणी नाही.

सीट जमिनीपासून ८७० मिलिमीटर. माझी उंची तुला माहीत आहे. ती वाढलेली नाही. माझ्या एका पायाची बोटं टेकतात, दुसरा पाय हवेत. दुकानातला विक्रेता म्हणाला, "मॅडम, घरी भाऊ आहेत ना चालवायला?" मी म्हटलं, भाऊ आहे, घरी नाही.

गाडी आणली तेव्हा आप्पा त्यांच्या वेल्डिंगच्या शेडच्या दारात होते. त्यांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"शिडी कुठंय?"

"कसली?"

"वर चढायची. का रोज शेजाऱ्यांना हाक मारणार, अहो, जरा मला उचला म्हणून?"

मी त्यांना यादी दाखवली. गाडी खाली आणायची, बाजूचा स्टँड कापून आखूड करायचा, इंजिनाखाली जाड पत्रा, मागे सामानाचं कॅरिअर, पुढची चेनची चकती एका दात्याने लहान.

"अगं, नवी नवरी घरात आली आणि पहिल्याच दिवशी तिचे पाय कापायचे?" असं म्हणाले, पण कागद हातातून सोडला नाही. "वेल्डिंगचं सगळं मी करणार," हेही त्यांनीच जाहीर केलं. गेल्या वर्षभरात शेडमध्ये फारसं काम आलेलं नव्हतं. दुपारी ते मशीनवरची धूळ पुसत बसायचे.

आणखी एक. तू गेलास तेव्हा त्यांच्या हाताबद्दल जे बोलणं झालं होतं, ते तुझ्या मनात असेल. त्यांचा हात पूर्वीसारखाच आहे. हे मी मत म्हणून लिहीत नाही. तपासून लिहिते.

मोजपट्टी
(हे नाव तूच ठेवलं होतंस. दुसरं कोणी या नावाने हाक मारत नाही.)


१९ जानेवारी

दादा,

गाडी आता तीस मिलिमीटर खाली आहे. मागच्या शॉकअपच्या लिंकच्या दोन पट्ट्या लांब बसवल्या, पुढचे फोर्क त्यांच्या पकडीत वर सरकवले. दोन्ही पायांचे चवडे टेकतात. एवढं पुरे. पट्ट्यांना वेल्ड लागत नाही, म्हणून त्या मी ओळखीच्या कारखान्यात कापून घेतल्या. आप्पांना आवडलं नाही. "म्हणजे हाडं बाहेरची आणि मलमपट्टी घरची," म्हणाले.

गाडी खाली आली की स्टँड लांब पडतो. मग ती कलून उभी राहण्याऐवजी ताठ उभी राहते आणि वाऱ्यानेही दुसऱ्या बाजूला पडू शकते. स्टँड पंचवीस मिलिमीटर कापून पुन्हा जोडायचा होता. ते आप्पांनी केलं. पद्धत तीच. आधी त्याच जाडीच्या भंगार तुकड्यावर एक जोड करून बघायचा, मग खऱ्या कामाला हात. "आधी तुकडा, मग काम." चष्मा बदललाय, खुर्ची बदललीय, हे वाक्य बदललेलं नाही. जोडाची रेघ इतकी एकसारखी आली की मी फोटो काढला. लहरीवर लहर, नाण्यांची चळत आडवी करावी तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी स्टँडवर दोन्ही पायांनी उभी राहून पाहिलं. त्यानंतर त्याच्यावर थोडं काम केलं. आता पक्का आहे.

मी हल्ली साडेपाचला उठते. आप्पा सातला. मधला दीड तास शेडमध्ये कोणी नसतं, त्यामुळे कामं उरकतात. ग्राइंडरच्या आवाजाचं मी त्यांना सांगितलंय की ऑफिसचे नमुने घासते. ते म्हणाले, "तुमच्या ऑफिसला पगार द्यायला येतो, नमुने घासायला येत नाही?" डाव्या मनगटाला थोडं भाजलंय. विशेष नाही.

तू उत्तर दिलं नाहीस तरी मी लिहीन. गाडीत रोज काहीतरी बदलतं, आणि ते कुठेतरी नोंदवलेलं बरं.

मोजपट्टी


८ फेब्रुवारी

दादा,

इंजिनाखालचा पत्रा झाला, कॅरिअर झालं. कॅरिअरवर वीस किलो वाळूची पोती बांधून मी खाणीच्या रस्त्यावर चाळीस किलोमीटर गेले आणि आले. एकही सांधा हलला नाही. पुढची चकती पंधराची चौदा दात्यांची केली. चढावर गाडी आता धापा टाकत नाही. इंजिनाखालच्या पत्र्यावर पहिला दगड बसला तेव्हा जो आवाज आला तो ऐकून आप्पांना केवढा आनंद झाला. "बघ, दगड ओरडला. पत्रा गप्प आहे."

आप्पा शीळ वाजवतात. दोन वर्षांत मी ती ऐकली नव्हती.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरचे बेकरीवाले आले. त्यांना गच्चीवरच्या टाकीला शिडी हवी होती. ते आधी दुसरीकडे जाणार होते, तसं बोलूनही दाखवलं. आप्पांनी त्यांना हाताला धरून माझ्या गाडीपाशी नेलं.

"हे बघा. माझी मुलगी मोठमोठ्या कंपन्यांचे सांधे तपासते. ती नको म्हणाली की टाकी भरत नाहीत. ती रोज या गाडीवर बसून खडीतून जाते. आणखी कसलं सर्टिफिकेट पाहिजे तुम्हाला?"

बेकरीवाले माझ्याकडे बघून हसले. मीही हसले.

शिडीला अठरा पायऱ्या, म्हणजे छत्तीस सांधे. बेकरीवाल्यांचं वजन शंभराच्या वर आहे. तो आठवडा मी साडेचारला उठत होते. आप्पा दिवसाला सहा पायऱ्या लावायचे; मी सकाळी त्याच सहांवर असायची. शेवटच्या दिवशी ते शिडीवर स्वतः चढून वरून माझ्याशी बोलले. "काय तपासनीसबाई, खालून काय दिसतं?" मी म्हटलं, सगळं ठीक दिसतं.

तुझं उत्तर नाही. पत्ता चुकीचा असता तर पत्रं परत आली असती. तू त्यांना एकदा फोन करावास असं मी म्हणणार नाही. केलास तर कोणी अडवणार नाही, एवढंच.

उद्यापासून सहा दिवस मी साइटवर आहे. तेवढ्या दिवसांत शेडमध्ये कसलंही काम येणार नाही, याची मी खात्री करून घेतली आहे.

मोजपट्टी


३ मार्च

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. पोस्टाला पाच दिवस लागतात. आम्ही पहाटे निघतो, हे बरोबर आणते. तू समोर आलास की मला हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहून ठेवते.

आधी महत्त्वाचं. आप्पांनी तुला हँडल उंच करायचा जो जोड पाठवला आहे, तो काढून टाक. त्याचा वेल्ड लोखंडाला धरलेला नाही.

आता क्रमाने.

आज दुपारी ग्राइंडरची चकती हवी होती म्हणून मी डबा उघडला. वहिनीच्या कार्डाखाली तुझ्या अक्षरातलं पाकीट होतं. आप्पांच्या नावे. मी ते वाचलं. तुझी वाक्यं मला आता पाठ आहेत: "मोजपट्टी लिहिते की तुमचा हात पूर्वीसारखाच आहे. ती तपासल्याशिवाय लिहीत नाही, तेव्हा चूक माझीच होती हे पुन्हा एकदा मान्य करतो. उतारावर उभं राहून चालवताना माझी कंबर जाते. हँडल चाळीस मिलिमीटर वर हवंय. बाजारात मिळतं, पण तुमच्या हातचं हवंय."

मी पाकीट घेऊन आप्पांसमोर उभी राहिले.

"केलंत?"

"केव्हाच! पार्सलच्या गाडीने गेलंसुद्धा. तू साइटवर होतीस ना तेव्हा." ते खुशीत होते. "म्हटलं, दोघं बापलेक जुळवून घेऊ आणि मग तुला आयतं सांगू. तू काय, लगेच फुटपट्टी घेऊन येतेस."

"पट्टी किती जाडीची?"

"आठची. वर दोन खांब. एकदम दणकट."

"रॉड कुठला वापरलात?"

"अडीचचा. सव्वातीनचा हल्ली चिकटतो."

"मशीनचा काटा?"

"सत्तरवर." मग त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं. "का गं?"

तुला यापुढचं सांगायला नको. आठ मिलिमीटरची पट्टी सत्तर अँपिअरच्या करंटला वितळतच नाही. रॉडचं लोखंड वर बसतं, मेणबत्तीचं मेण टेबलावर बसावं तसं. दिसायला सुरेख. त्यांचा हात थरथरतो, दादा. मोठ्या रॉडला, मोठ्या करंटला तो आवरत नाही. बारीक रॉड आणि कमी करंट असला की आवरतो. म्हणून गेली कितीतरी वर्षं ते काटा खाली खाली आणत गेले, आणि काम सुबक सुबक होत गेलं.

तुझा नंबर पाकिटावर होता. मी अकरा वेळा लावला. आवाक्याबाहेर. तुझ्या ऑफिसला लावला. तिथले कारकून म्हणाले, "ते फिरतीवर असतात, सोमवारी हजेरीला येतात. निरोप असेल तर सांगा, लिहून ठेवतो." आज बुधवार आहे. मी निरोप दिला. त्यांनी जोड हा शब्द दोनदा विचारला.

मग आप्पांना सांगावं लागलं. ते मानेनात. "मी तुकडा करून पाहिला होता. आधी तुकडा, मग काम. तुला माहीत आहे." तुकडा अजून बाकाखाली पडला होता, भंगार पट्टीवर तसाच एक खांब. त्यांनीच तो शोधून काढला आणि माझ्यापुढे आपटला. "लाव तुझा रंग."

मी लावला. तू ही तपासणी कधी पाहिलीस की नाही, ठाऊक नाही. लाल रंग फवारायचा, दहा मिनिटं थांबायचं, फडक्याने स्वच्छ पुसायचा, मग पांढरी पावडर फवारायची. भेग असेल तर आत मुरलेला रंग आपोआप वर येतो. दहा मिनिटं आम्ही दोघं त्या तुकड्यासमोर बसलो होतो. पांढऱ्यावर लाल रेघ उमटायला अर्धं मिनिटही लागलं नाही. खांबाच्या बुडाशी पूर्ण गोल फिरली.

आप्पांनी हातोडी घेतली आणि खांबाला एक ठोका दिला. जोरात नाही. खांब निघून जमिनीवर पडला. खालची पट्टी कोरी होती. तिथे कधी काही जोडलं होतं असं वाटतही नव्हतं.

बराच वेळ ते पट्टीवरून अंगठा फिरवत राहिले. मग उठले, माझ्या गाडीजवळ गेले, खाली बसून स्टँड बघायला लागले.

"मग हा का नाही तुटला?"

त्यांनी खिशातून भिंग काढलं. स्टँड पाहिला, कॅरिअर पाहिलं, इंजिनाखालच्या पत्र्याच्या कड्या पाहिल्या.

"या लहरी उजवीकडून डावीकडे गेल्यात," ते म्हणाले. "मी डावीकडून उजवीकडे जातो."

घरात डावखुरं माणूस एकच आहे.

"शिडी?"

"छत्तीसही," मी म्हटलं.

ते तिथेच जमिनीवर बसले. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, "मला वाटलं, हात परत आला."

नंतर आत जाऊन त्यांनी जाकीट घातलं आणि हेल्मेट कुठे आहे विचारलं.

आता माझं. मी त्यांची कामं सकाळी घासून काढत होते आणि त्यांच्यासारख्याच लहरी काढून पुन्हा करत होते. ते दुखावू नयेत म्हणून, असं मी स्वतःला सांगत होते. गाडीही बरीचशी त्यासाठीच घेतली. नोकरीला जुनी स्कूटर चालली असती. त्यांना काहीतरी काम द्यायचं होतं, आणि मला असं काम हवं होतं जे रोज माझ्या डोळ्यांसमोर राहील. हिशेब सोपा होता. एक गाडी, एक शेड, मी रोज पाहणार. यात मी हे धरलंच नव्हतं की हात चालतो असं वाटायला लागलं की माणूस कामं घेतो. आणि हेही नाही, की मी तुला लिहिलेलं तू खरं मानशील. तुझ्यासमोर ते खोटं मीच ठेवलं. तुझ्या पाकिटात माझंच वाक्य होतं.

यात नवीन काही नाही. पाण्याच्या टँकरचा हूक आठवतो? सांध्यातून निघाला आणि ड्रायव्हरचा पाय मोडला. तू गिऱ्हाइकासमोर म्हणालास, "वेल्ड धरला नव्हता, आप्पांचा हात गेलाय." आप्पा म्हणाले, टँकर जास्त भरला होता. तेव्हा मला नवं सर्टिफिकेट मिळालं होतं. दोघं म्हणालात, हिला तपासू दे, ती सांगेल ते खरं. मी हूक ऑफिसात नेला आणि लिहून दिलं की सांध्यात आधीपासून दोष नव्हता, वजन जास्त पडलं.

रेघ आली होती, दादा. हुकाच्या निम्म्या घेरापर्यंत. मी ती फडक्याने पुसली, तुकडा धुतला आणि मग अहवाल लिहिला. तू तो वाचलास, आप्पांसमोर हात जोडून माफी मागितलीस आणि आठवड्याभरात गेलास. जाताना तू मला म्हणालास, "तुझं बरोबर होतं गं. मी उगाच डोळ्यांवर विश्वास ठेवला."

हे मी कोणालाही सांगितलेलं नाही. आप्पांना आज सांगितलं.


५ मार्च, सकाळी ९.५०
तुझ्या घरी, जेवणाच्या टेबलावर

दादा,

आम्ही पावणेनऊला पोचलो. तू सातला निघाला होतास. वरच्या नदीची तीन मापकं, असं वहिनी म्हणाली; फोन तिथेही लागत नाही आणि इथेही. जोड तू मागच्या रविवारी नाही, त्याच्या आधीच्या रविवारी बसवलास. म्हणजे बारा दिवस चालवतो आहेस. तू तिला म्हणालास म्हणे, "बघ, याला हात म्हणतात," आणि तिला लहरी मोजायला लावल्यास.

बारा दिवस टिकला म्हणून पुढेही टिकेल, असा अर्थ काढू नकोस. भेग आत सरकत असते. शेवटच्या दिवसापर्यंत बाहेर काही दिसत नाही. वरून काळ्या रंगाचे दोन हात दिलेले आहेत, तेव्हा तू भिंग घेऊन बसलास तरी काही कळणार नाही. बघून ठरवू नकोस.

वहिनीने नकाशा काढून दिला. परत यायच्या वाटा दोन. वरची, डोंगराच्या कडेने, सगळी उताराची. आणि खालची, पुलावरून. मी वरच्या वाटेने येते आहे. आप्पांनी खालच्या फाट्यावर थांबायचं ठरवलंय. मी म्हटलं, तुम्ही दीड दिवस मागे बसून आलात, घरी थांबा. म्हणाले, "रस्त्याच्या मधोमध उभा राहतो. बापाच्या अंगावर गाडी घालणार नाही तो." ते आताच चालत निघाले. फाटा दोन किलोमीटर आहे. मी सोडते म्हटलं तर म्हणाले, "नको, तेवढ्या वेळात तू वर पोचशील." सगळ्या वाटेत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. गाडीचं इंजिन बंद असतानाही तो थरथरत होता. मी इतकी वर्षं तो फक्त कामावरून ओळखत होते, हाताला हात लावून पाहिला नव्हता.

तू आम्हा दोघांना चुकवून आधी घरी आलास तर:

गाडीला परत हात लावू नकोस. किल्ली वहिनीकडे दे. अंगणातून आत न्यायलाही हँडलला धरू नकोस. मागून कॅरिअरला धरून ढकल. कोणाला बसवू नकोस. मी येऊन जोड काढेन. तू काढलास तरी चालेल, पण फेकू नकोस. या वेळी त्याची तपासणी तुझ्यासमोर होईल आणि फडकं तुझ्या हातात असेल.

तू वाटेत असताना हे वाचणार नाहीस, हे मला कळतं. तरी लिहिते, कारण पुढची पाच मिनिटं माझ्या हातात दुसरं काही नाही. पेट्रोल संपत आलंय आणि वहिनी शेजारून कॅन आणायला गेली आहे.

आप्पांचा निरोप, त्यांच्या शब्दांत: "त्याला म्हणावं, तू खरं बोलला होतास. गिऱ्हाइकासमोर बोललास, तेही बरोबर होतं. त्याच्यासमोरच बोलायला हवं होतं." ते तुला स्वतः सांगणार आहेत. पण कोण कोणाला आधी भेटेल हे माहीत नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

वहिनीला मी अजून खरं सांगितलेलं नाही. दारात तिने विचारलं, "असे अचानक? सगळं बरं आहे ना?" आणि मी म्हटलं, हो, दादाला जरा भेटायचं होतं. सवयीने म्हटलं. ती खूश झाली. पातेल्यात दोन कप पाणी वाढवलं. छोटीला म्हणाली, "बघ, आत्या आली, आजोबा आले." छोटी माझ्या गाडीवर चढून बसली आहे, टाकीवर, हँडलला दोन्ही हातांनी धरून. तिला कसं धरायचं ते नीट माहीत आहे.

वहिनी कॅन घेऊन आली. पेट्रोल भरते, आणि निघायच्या आधी तिला सांगते.

सांगितलं.

ती छोटीला गाडीवरून उतरवायला धावली. उचलून कडेवर घेतली आणि म्हणाली, "काल संध्याकाळी ह्यांनी हिला पुढे बसवून त्याच उतारावरून फिरवून आणलं." मग माझ्याकडे वळली. "हात गेलाय हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

तीन वर्षांपासून, मी म्हटलं.

ती रडली नाही. वरच्या वाटेवर तिसऱ्या वळणानंतर खडी सुटलेली आहे, तिथे सावकाश जा, एवढंच म्हणाली, आणि छोटीला घेऊन खालच्या फाट्याकडे, आप्पांकडे चालायला लागली.

निघते.